तालमीतला गोटा आणि मैदानावरचा गोळा

मराठीत आपण व्यायामशाळेला तालीम म्हणतो. हा शब्द मुळात शाळेचा आहे, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. अरबीत तालीम म्हणजे शिकवणे. उर्दूत आजही तोच अर्थ आहे. मी रोज सकाळी ज्या कामासाठी शाळेत जाते त्याला माझी अम्मी तालीम म्हणते. माझे नाना पहाटे लंगोट खांद्यावर टाकून ज्यासाठी घराबाहेर पडत, त्यालाही ते तालीमच म्हणत. वस्ताद म्हणजे उस्ताद, अर्थात शिक्षक. कुस्ती, पहिलवान, खुराक, जोर हे सगळे फारसीतून आलेले. मल्ल, आखाडा, बैठक, लंगोट हे इथल्या मातीतले. 'जोर-बैठका' या एका जोडशब्दात दोन भाषा शेजारी बसल्या आहेत आणि रोज पहाटे घाम गाळणाऱ्या कुणालाही त्याची कधी अडचण झाली नाही.

आजचा लेख शब्दांवर नाही, दगडावर आहे. तालमीच्या दारात पडलेला गोटा आणि शाळेच्या मैदानावरचा लोखंडी गोळा, या दोघांच्या नात्यावर. या विषयाकडे मी वळले ती एका प्रसंगामुळे. तो पुढे सांगते.

मी भाषेची शिक्षिका. खेळाशी माझा संबंध बी.एड.च्या वर्षात शारीरिक शिक्षणाच्या तासापुरता. पण आमच्यासारख्या शाळांत खेळासाठी वेगळा शिक्षक असतोच असे नाही, आणि तालुक्याच्या स्पर्धेला मुली न्यायच्या तर सोबत बाई हवी. म्हणून काही वर्षांपूर्वी ती जबाबदारी माझ्याकडे आली. मुलींच्या गोळाफेकीची तयारीही माझ्याकडेच. पहिली दोन वर्षे मी त्यांना एकच गोष्ट सांगत होते, "जोर लाव, हात जोरात मार." यापलीकडे काही सांगायचे असते हे मलाच ठाऊक नव्हते. गोळा आणि जोर यांचे नाते मी लहानपणी जसे पाहिले होते तसेच पुढे देत होते.

लहानपणी पाहिले ते आजोळी. सेलू तालुक्यात दुधनेच्या बाजूला नानांचे गाव. तालमीची खोली मारुतीच्या देवळाला लागून, समोर लिंबाचे झाड आणि झाडाखाली काळ्या पाषाणाचा एक गुळगुळीत गोटा. सणासुदीला तरण्या पोरांचा घोळका जमे. कुणी गोटा गुडघ्यापर्यंत आणी, कुणी मांडीवर घेई, कुणी छातीला लावी. जो खांद्यावर घेऊन पाठीमागे टाकी त्याचे नाव वर्षभर गावात निघे. उचलणाऱ्यांत मराठ्यांची पोरे असत, धनगरांची असत, आमच्या घरातले मामूही असत. बिस्मिल्लाह म्हणून वाकणारा आणि 'बजरंगबली की जय' म्हणून वाकणारा एकाच दगडाला मिठी मारत होता. मुलींनी मात्र त्या दगडाला हात लावायचा नाही, एवढा नियम दोन्हीकडे सारखा होता.

तालमीच्या आत आणखी एक दगड असे, नाल. मधे मूठ कोरलेला दगडी गोल. 'नाल' हा शब्दही अरबी, घोड्याच्या नालेचा. शिवाय लाकडी मुदगल, जोडी. पण गावाची खरी कसोटी बाहेरच्या गोट्यावर. त्याला मूठ नाही, खाच नाही, धरायला काही नाही.

ही परंपरा किती जुनी? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 1129 च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. त्या ग्रंथात मल्लविनोदावर प्रकरण आहे. मल्लांनी काय खावे, कसा सराव करावा हे त्यात येते आणि सरावाच्या प्रकारांत 'भारश्रम' म्हणजे वजन घेऊन केलेले कष्टही येतात. नऊशे वर्षांपूर्वी आपल्या या मुलखात वजन उचलणे हा मल्लाच्या शिक्षणाचा भाग होता, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

दगड उचलण्याची सर्वांत गाजलेली कथा मात्र बडोद्याची. गायकवाडांचे बडोदे, मराठी राज्यकर्त्यांचे शहर. तिथल्या सयाजीबागेतल्या संग्रहालयात एक मोठा दगड ठेवला आहे. 23 डिसेंबर 1902 रोजी गुलाम मोहम्मद याने हा दगड उचलला, असे त्यावर कोरलेले आहे. हा गुलाम मोहम्मद म्हणजे पुढे जगभर गाजलेला गामा पहिलवान. दगडाचे वजन बाराशे किलो, असे सर्रास सांगितले जाते. माणसाच्या शरीराची मर्यादा पाहता बाराशे किलो जमिनीपासून पूर्ण सुटणे मला पटत नाही. एका बाजूने उचलणे, हलवणे ही वेगळी गोष्ट. पण गामाचे मोठेपण त्या आकड्यावर टिकलेले नाहीच. ते कुस्तीवर टिकले आहे, म्हणजे पुन्हा तालमीवर.

आता थोडे लांब जाऊ. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातही असेच दगड होते. तिथल्या गेलिक भाषेत त्यांची दोन नावे आहेत. एक 'क्लाख कुइद फिर', म्हणजे पुरुषपणाचा दगड. तो सरदाराच्या वाड्याजवळ पडलेला असे. पोराने तो उचलून दाखवला की तो जाणता झाला असे मानत. आमच्या लिंबाखालच्या गोट्याचा हा सख्खा भाऊ. 1860 मध्ये डोनाल्ड डिनी नावाच्या एका गवंड्याच्या मुलाने कडी लावलेले दोन दगड हातात घेऊन पूल ओलांडला, त्यांचे एकत्र वजन 332 किलो भरते. ते दगड अजून त्या पुलाजवळ आहेत आणि जगभरचे लोक ते उचलायला जातात.

पण त्यांच्याकडे दुसराही दगड होता, 'क्लाख नेर्त', ताकदीचा दगड. नदीतून काढलेला, गोलसर, हलका. तो उचलायचा नव्हता, फेकायचा होता. त्यांच्या डोंगरी खेळांत ही दगडफेक आजही दोन प्रकारांनी चालते. एका प्रकारात दगड जड, पुरुषांसाठी साधारण 9 ते 12 किलो, आणि पाय जागचे हलवायचे नाहीत. उभ्या जागेवरून ढकलायचा. ब्रेमार या गावावरून त्याला ब्रेमार दगड म्हणतात. दुसऱ्यात दगड साधारण 7 ते 10 किलोचा, आणि मागून घसरत या किंवा गिरकी घ्या, परवानगी आहे. समोर जमिनीत एक लाकडी पट्टी ठोकलेली, ती ओलांडायची नाही. सैनिकांनी दगडाच्या जागी तोफेचा गोळा घेतला आणि त्यातून आजची गोळाफेक आली. आमच्या शाळेच्या कपाटातला लोखंडी गोळा हा त्या नदीतल्या दगडाचा वंशज.

इथे मला एक प्रश्न पडला. दगड आपल्याकडेही होता, माणसेही होती, मग आपण फक्त उचलत का राहिलो? आपल्याकडे फेक नव्हती असे नाही. ज्वारी हुरड्यात आली की शेतातल्या माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे उडवणे हे या जिल्ह्यातल्या कितीतरी पिढ्यांचे काम. 'परभणी मोती', 'परभणी ज्योती' या ज्वारीच्या वाणांची नावे आपल्या जिल्ह्यावरून पडली, इतकी ज्वारी इथल्या रक्तात आहे. पण गोफण हे काम होते. तिचा दगड कुणी मोजला नाही. पाखरू उडाले की काम झाले.

उचलण्याच्या दगडाचा निकालही असाच. उचलला किंवा नाही उचलला, एवढेच. आपल्या गावचा गोटा शेजारच्या गावी जात नाही, त्यामुळे दोन गावांची तुलनाही होत नाही. फेकलेल्या दगडाचे तसे नाही. तो जिथे पडतो तिथे टेप लावता येतो. काल अमुक इतका गेला, आज वीतभर पुढे गेला. आणि वीतभर पुढे गेला की माणूस विचारतो, कशाने गेला? जोर तर कालचाच होता. मला वाटते, तंत्राचा जन्म या प्रश्नात आहे. जिथे मोजमाप आले तिथे 'किती ताकद' या प्रश्नाच्या शेजारी 'कशी' हा प्रश्न येऊन बसला.

पुढचा सव्वाशे वर्षांचा इतिहास या 'कशी'चा आहे. 1896 मध्ये अथेन्सच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रॉबर्ट गॅरेटने 11.22 मीटर गोळा टाकून सुवर्ण जिंकले. तेव्हा फेक चौकोनातून होत असे. पुढे सात फुटी, म्हणजे 2.135 मीटर व्यासाचे वर्तुळ आणि पुढे लाकडी अडणी, असे स्वरूप पक्के झाले. पुरुषांचा गोळा 16 पौंडी, 7.26 किलोचा. गोळ्याचे वजन तेच, वर्तुळ तेवढेच. मग सुधारणा कुठे करायची? फक्त या सात फुटांत शरीर कसे वापरायचे, यात.

पन्नासच्या दशकापर्यंत खेळाडू बाजूला तोंड करून उभे राहत आणि एक उडी घेऊन गोळा ढकलत. अमेरिकेच्या पॅरी ओब्रायनने 1951 च्या सुमारास एक साधी गोष्ट केली. ज्या दिशेला गोळा टाकायचा तिकडे त्याने चक्क पाठ केली. पाठमोरा वाकून, एका पायावर मागे घसरत वर्तुळाच्या मध्यावर यायचे आणि तिथून उलगडत पुढे वळायचे. गोळ्याला ढकलण्याची वाट लांबली. जेवढी वाट लांब, तेवढा वेळ जोर लागतो, तेवढा वेग वाढतो. सुरुवातीला लोकांना ते विचित्र वाटले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने 17.41 मीटरने सुवर्ण जिंकले. 8 मे 1954 रोजी तो साठ फुटांच्या, म्हणजे 18.29 मीटरच्या पलीकडे गेला. रॉजर बॅनिस्टरने चार मिनिटांच्या आत मैल धावून दाखवल्याला तेव्हा दोनच दिवस झाले होते.

त्याच हेलसिंकीत आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी 57 किलो गटात कुस्तीचे कांस्य मिळवले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एकीकडे पाठमोरा उभा राहणारा गोळाफेक्या, दुसरीकडे गावच्या तालमीतून गेलेला, चणीने लहान मल्ल. खाशाबांचे नाव आजही निघते ते त्यांच्या चपळाईसाठी आणि डावांसाठी. डाव हा तंत्राला आपला जुना मराठी शब्द. कुस्तीत डाव शिकावा लागतो हे आपल्या गावागावात पक्के ठाऊक होते. गोट्याच्या बाबतीत मात्र आपण डाव शोधला नाही.

ओब्रायननंतरचा बदल म्हणजे गिरकी. थाळीफेकीसारखे पूर्ण फिरून गोळा टाकायचा. सोव्हिएत संघाच्या अलेक्सांद्र बारिश्निकोवने 1976 मध्ये या पद्धतीने 22 मीटरचा विश्वविक्रम केला. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेच्या ब्रायन ओल्डफील्डने फिरूनच 22.86 मीटर टाकला होता, पण तो व्यावसायिक खेळाडू असल्याने विक्रम मान्य झाला नाही. हा ओल्डफील्ड स्कॉटिश डोंगरी खेळांतही दगड टाकत असे. जुना दगड आणि नवा गोळा एकाच हातात. घसरण्याची पद्धतही लगेच संपली नाही. 1988 मध्ये पूर्व जर्मनीच्या उल्फ टिमरमनने तिनेच 23.06 मीटर गाठले. आज विश्वविक्रम अमेरिकेच्या रायन क्राउझरचा, 2023 मधला, 23.56 मीटर, गिरकीचा. गॅरेटच्या दुपटीहून जास्त. यात आहार आला, वजनांचा सराव आला, काही काळ औषधांची काळी बाजूही आली, ते नाकारायचे कारण नाही. पण सात फुटांचा हिशोब बदलला नसता तर एवढे अंतर कापले गेले नसते.

मला हे सगळे कळले ते मुलींसाठी शोधाशोध करताना, आणि कळल्यावर मी माझे 'हात जोरात मार' हे वाक्य कायमचे बंद केले. कारण या खेळात हात सर्वांत शेवटी येतो.

हे मुलींना समजावायला मला मोंढ्यातला हमाल उपयोगी पडला. पोते उचलताना तो हाताने ओढत नाही. आधी बसतो, पाय रोवतो, कंबर पोत्याखाली नेतो आणि पायांनी उठतो. हात फक्त पोते धरून ठेवतात. त्याची ही तालीम कुणी तालीम मानत नाही, पण ती शंभर टक्के तालीम आहे. गोळ्याचेही तसेच. उजव्या हाताने टाकणारीने वजन उजव्या पायावर घ्यायचे, गुडघा वाकलेला, छाती मागे वळलेली, डावा पाय पुढे अडणीजवळ. सुरुवात उजव्या पायाच्या पंजापासून. पंजा वळतो, गुडघा वळतो, मग कंबर पुढे येते, मग छाती, मग खांदा आणि अगदी शेवटी हात, मनगट, बोटे. कंबर छातीच्या आधी वळली पाहिजे. दोन्ही एकदम वळल्या तर पायांची सगळी कमाई वाया जाते. गोफणीत दगड सर्वांत मागे राहतो आणि सर्वांत शेवटी सुटतो, तसेच हे. आणि त्या क्षणी शरीराची डावी बाजू खांबासारखी ताठ उभी राहिली पाहिजे. सायकलला अचानक पुढचा ब्रेक लागला की मागचा माणूस उडतो. डावी बाजू हा तो ब्रेक, गोळा हा तो माणूस.

धरण्याचेही शास्त्र आहे. गोळा तळहातात भरून घ्यायचा नाही. बोटांच्या मुळांवर ठेवायचा, अंगठा आणि करंगळीने बाजूचा आधार, आणि जबड्याखाली मानेला टेकवायचा. तो मानेपासून आधी सुटला किंवा कोपर खाली पडला की ती ढकल राहत नाही, चेंडूसारखी फेक होते. नियमात ते बसत नाही आणि कोपरही दुखावते.

आमच्याकडे सुरुवातीला सरावाला पुरेसे गोळे नव्हते, म्हणून मुलींनी नदीतून गोटे आणले आणि किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून तीन किलोच्या जवळपासचे निवडले. तेव्हा एक गंमत कळली. तीन किलोचा भरीव लोखंडी गोळा नऊ सेंटीमीटरच्या आसपास असतो, पण तेवढ्याच वजनाचा काळा पाषाण बारा-तेरा सेंटीमीटरचा भरतो. तो लहान हातात बोटांवर राहत नाही. शिवाय दगड सगळीकडून सारखा नसतो. मग प्रत्येकीने आपापला दगड फिरवून पाहिला. जड बाजू बोटांच्या मुळाशी, सपाट बाजू मानेकडे. स्कॉटलंडचे लोक हेच करतात हे मी नंतर वाचले. दगडावर शिकलेल्या हाताला पुढे लोखंडी गोळा सोपा वाटला.

कोनाचा प्रश्न एका मुलीने विचारला. विज्ञानात 45 अंशांवर वस्तू सर्वांत लांब जाते असे शिकवतात, मग मी थोडे खाली का सांगते? दोन कारणे. गोळा जमिनीवरून नाही, डोक्याच्या उंचीवरून सुटतो. आणि माणसाचे शरीर सरळ वर ढकलण्यापेक्षा पुढे ढकलताना जास्त वेग देऊ शकते. त्यामुळे चांगल्या खेळाडूंचा कोन साधारण 35 ते 38 अंशांचा असतो. आणि कोनापेक्षा वेग महत्त्वाचा. वेग दहा टक्के वाढला तर अंतर पंधरा-वीस टक्के वाढते. तो वेग पायांतून येतो.

याचा सगळ्यात बोलका पुरावा आपल्याच राज्यात आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडी तालुक्यातले करगणी हे सचिन खिलारी यांचे गाव, आपल्यासारखाच दुष्काळी मुलूख. लहानपणी सायकलवरून पडून त्यांचा डावा हात जायबंदी झाला. पुढे ते इंजिनीअर झाले, स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना शिकवू लागले, म्हणजे आमच्याच व्यवसायातले. 4 सप्टेंबर 2024 रोजी पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये एफ 46 गटात त्यांनी 16.32 मीटर गोळा टाकून रौप्यपदक मिळवले. सुवर्ण 16.38 ला गेले. फरक बोटभरही नाही. वर जी 'डावी बाजू' मी खांब म्हणाले, त्या बाजूचा हात ज्यांचा अधू, त्यांनी हे अंतर गाठले. मुलींना मी हे सांगितले तेव्हा एकीने लगेच डावा हात पोटाशी बांधून टाकून पाहिले. गोळा गेला तीन मीटर. मग कुणीच काही बोलले नाही.

आता तो प्रसंग.

तालुक्याच्या मैदानावर आमची आठवीतली एक मुलगी वर्तुळात उभी होती. डोक्याला स्कार्फ, खाली ट्रॅक पँट. सरावाच्या आरंभी तिची फेक 5 मीटर 40 होती. दोन महिन्यांत ती साडेसहाच्या पुढे आली होती. पहिली फेक ठीक गेली. दुसरीसाठी ती आत जात असताना दोरीपलीकडून कुणीतरी मोठ्याने म्हणाले, "दगड फेकायची तर यांना सवयच असते." चार-पाच जण हसले.

'दगडफेक' हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत कुठल्या बातम्यांत येतो आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कुणाचा चेहरा आणतो, हे मला वाचकांना सांगायला नको. तेरा वर्षांच्या मुलीलाही ते सांगावे लागले नाही. तिने गोळा उचलला आणि सगळे विसरून नुसत्या हाताने भिरकावला. कोपर खाली, पाय अडणीच्या वरून बाहेर. पंचांनी लाल निशाण दाखवले.

मी त्या माणसाला काही बोलले नाही. बोलायला हवे होते का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. त्या वेळी मला एकच दिसत होते. रागाने तिच्या दोन महिन्यांची तालीम एका सेकंदात पुसली होती. मी तिला पाणी दिले आणि एवढेच म्हणाले, "पंजापासून सुरू कर."

तिसरी फेक 7 मीटर 10. ती चौथी आली. पदक नाही, जिल्ह्याला निवडही नाही. परतताना जीपमध्ये ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाई, दुसरी पण तशीच टाकली असती तर?"

त्या रात्री मला नानांनी सांगितलेली एक रिवायत आठवली. अरबस्तानातही दगड उचलून ताकद आजमावण्याची रीत होती; अरबीत त्यासाठी 'रबअ' असा वेगळा शब्दच आहे. काही लोक असा दगड उचलत असताना हजरत पैगंबर (स.) तिथून गेले. हे काय, असे त्यांनी विचारले. लोक म्हणाले, हा बळकटांचा दगड. तेव्हा त्यांनी सांगितले की, यांच्याहून बळकट तो, जो रागाच्या वेळी स्वतःला आवरतो. नाना हे तालमीच्या ओट्यावर बसून सांगत आणि शेजारी बसलेले त्यांचे हिंदू जोडीदार माना डोलावत. मला लहानपणी तो उपदेश वाटे, थोडा कंटाळवाणाही. आता त्यात मला उपदेशाइतकेच तंत्र दिसते. राग आला की माणूस पाय विसरतो आणि हात उगारतो.

म्हणून मुलींना मी दोन्ही दगडांचा इतिहास सांगते. मारुतीच्या देवळाजवळचा गोटा, बडोद्याचा गामाचा दगड, बसवकल्याणच्या राजाचा ग्रंथ, स्कॉटलंडच्या नदीतला दगड. कुणी त्यांच्या हातातल्या दगडाकडे बोट दाखवले तर तो कुठून कुठून आला आहे, हे त्यांना माहीत असावे.

नानांच्या गावातली तालीम आता बंद आहे. लिंब आहे, गोटा निम्मा मातीत गेला आहे. गेल्या ईदला गेले तेव्हा मी पहिल्यांदा त्याला हात लावला. कुणी अडवले नाही. हलला नाही तो, पण पाय कुठे रोवायचे ते मला बरोबर कळले.